पेल्यातली बिअर आणि तिची कैफियत

ज्यांचे बालपण सोलापूर जिल्ह्याच्या माळशिरस तालुक्यातील श्रीपूर, माळीनगर, महाळुंग, अकलूज या उसाच्या टापूत गेले, त्यांच्या नाकाला आंबवणाच्या वासाची ओळख अक्षरओळखीच्या आधीच झालेली असते. सासवडकडील माळी शेतकऱ्यांनी १९३२ साली स्थापन केलेला माळीनगरचा कारखाना, आणि चंद्रशेखर आगाशे यांनी १९३४ साली स्थापिलेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटने श्रीपुरास उभारलेला कारखाना व त्याच्या जोडीची मद्यार्काची डिस्टिलरी, यांच्यामुळे गळिताच्या हंगामात येथील हवेला जो गोडसर, किंचित आंबूस आणि किंचित उग्र दर्प येतो, तो परमुलखातील पाहुण्यास असह्य वाटतो आणि गावकऱ्याच्या ध्यानातही येत नाही. श्रीपुराची कीर्ती साखरेची आणि मद्यार्काची, बिअरची नव्हे. तथापि पुण्यामुंबईच्या लहान भट्ट्यांतून निघणारी, हल्ली जिला क्राफ्ट बिअर असे म्हणतात ती, चाखून पाहू इच्छिणाऱ्या इकडील प्रौढ वाचकास चार व्यवहारोपयोगी सूचना कराव्यात असे योजिल्यावर प्रारंभ श्रीपुरापासूनच करणे मला सयुक्तिक वाटले, कारण या कामी लागणारे निम्मे भांडवल त्याच्या नाकात अगोदरच जमा आहे. जे मद्य घेत नाहीत त्यांनी या लेखामुळे ते सुरू करण्याचे काहीएक प्रयोजन नाही. त्यांनी तो एका धंद्याची हकीकत म्हणून वाचावा.

एक टन ऊस गाळला म्हणजे साखर निघून गेल्यावर सुमारे ४० ते ४५ किलो मळी हाती राहते, आणि एक टन मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले असता २२० ते २५० लिटर मद्यार्क मिळतो, हा हिशेब कारखान्याच्या परिसरातील पुष्कळांना तोंडपाठ असेल. मळीतील उरलीसुरली साखर खाऊन तिचे मद्यार्कात रूपांतर करणारे यीस्ट आणि बिअरच्या पिंपात तेच काम करणारे यीस्ट ही एकाच कुळातली. भेद आहे तो त्यानंतरच्या हेतूचा. डिस्टिलरीतील कारागीर आंबवलेला द्रव उकळून त्यातील मद्यार्क शेकडा ९५ च्या आसपास शुद्ध होईपर्यंत चढवतो, आणि या प्रवासात उसाचा, मातीचा, यीस्टचा जो काही गुण त्यात उतरलेला असेल तो मळ समजून मागे सोडतो. म्हणूनच त्या निर्गुण मद्यार्कात रंग व अर्क मिसळून आपल्याकडे जी व्हिस्की म्हणून विकली जाते तिला युरोपातील कायदा व्हिस्की म्हणू देत नाही. बिअर करणाऱ्याचा व्यवसाय नेमका उलट दिशेचा आहे. तो ऊर्ध्वपातन करीतच नाही. त्याच्या पेयात मद्यार्क शेकडा चार ते सहा, आणि बाकीचे सर्व पाणी व डिस्टिलरीने ज्याला मळ म्हटले असते ते गुण. बिअर चाखणे म्हणजे या मागे राहिलेल्या गुणांची जमाबंदी करणे होय, आणि जो केवळ कैफासाठी पेला उचलतो त्याने क्राफ्ट बिअरला जादा पैसे का मोजावेत, हे मला आजवर उमगलेले नाही.

घटक थोडे आहेत. जव भिजवून त्याला मोड आणायचे, मोड हवे तेवढे येताच ते भट्टीत वाळवून थोपवायचे, यास माल्ट म्हणतात. ते भरडून ६२ ते ६८ अंश सेल्सियसच्या पाण्यात तासभर ठेवले की धान्यातील पिष्टाची साखर होते. तो गोड काढा हॉप्स नावाच्या वेलीच्या शंकूसारख्या फुलांसह तास-दीड तास उकळायचा, निववायचा, आणि यीस्टच्या स्वाधीन करायचा. उबदार जागी, १८ ते २२ अंशांस, लवकर आंबते ती एल. थंडाव्यात, ८ ते १२ अंशांस, सावकाश आंबते ती लागर. बव्हेरियात १५१६ साली निघालेल्या प्रसिद्ध फर्मानात जव, हॉप्स आणि पाणी यांखेरीज चौथ्या पदार्थाचा उल्लेख नाही; यीस्ट हा सजीव आहे हे त्या काळी कोणास ठाऊकच नव्हते. आपल्याकडे कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्ष नावाच्या अंमलदाराच्या देखरेखीखाली होणाऱ्या मद्यांत मेदक म्हणून एक सांगितले आहे, ते तांदूळ आणि किण्व यांपासून केलेले असे. धान्यापासून मद्य करण्याची विद्या आपल्या भूमीस अपरिचित होती हा समज त्यामुळे निराधार ठरतो.

अपरिचित नव्हती, परंतु सरकारी अंमल तिच्यावर फार जुना आणि फार कडक आहे. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला, १८९२ साली ठाणे-कुलाब्याकडे मोहाच्या फुलांवरही निर्बंध बसले, आणि घरोघरी वा गावोगावी होणारी मद्ये मक्तेदारांच्या व कारखान्यांच्या हाती गेली. स्वातंत्र्यानंतर १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्याच कायद्याच्या छत्राखाली, म्हणजे दारूबंदीच्या नावानेच, आज महाराष्ट्रात दारू गाळण्याचे, विकण्याचे आणि पिण्याचेही परवाने दिले जातात, ही गोष्ट विनोदी वाटली तरी दप्तरी खरी आहे. अशा व्यवस्थेत उपाहारगृहाच्या एका कोपऱ्यात लहानशी भट्टी मांडून तेथल्या तेथे बिअर विकू देण्याची कल्पना अबकारीच्या चौकटीत कोणत्या रकान्यात बसवावी हाच मोठा प्रश्न होता. सुकेतु तळेकर आणि प्रतीक चतुर्वेदी या दोघांनी दरखास्ती करीत, धोरण बदलण्याची वाट पाहत, पुण्यात २००९ साली डूलाली नावाची मायक्रोब्रुअरी सुरू केली. भट्टीवर ऑलिव्हर शाऊफ हा जर्मन ब्रूमास्टर होता. नाव घेतले ते नाशिकजवळच्या देवळालीवरून, जेथील छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहून गोरे शिपाई भ्रमिष्ट होत अशी आख्यायिका आहे; परवान्यासाठी तिष्ठणाऱ्यांनी हे नाव पसंत करावे यात एक प्रकारचे औचित्य आहे. पुढे पुण्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी, ग्रेट स्टेट एलवर्क्स अशा भट्ट्या निघाल्या, आणि मूनशाइन या संस्थेने तर मधापासून मीड करण्यास आरंभ केला. तात्पर्य, टेंभुर्णीस महामार्ग गाठून पुण्याची वाट धरणाऱ्या श्रीपूरकरास आता निवडीचा प्रश्न पडेल, अभावाचा नाही.

येथे एक इशारा देतो, आणि माझ्या मते संपूर्ण लेखात महत्त्वाचा तोच आहे. क्राफ्ट बिअर कधी एकटी येत नाही. तिच्यासोबत तिची कैफियत येते. अमुक आजोबांची कृती, तमुक डोंगराचे पाणी, लुप्त झालेले धान्य, परदेशात शिकलेला कारागीर, असा काहीतरी मजकूर फळ्यावर, यादीवर वा वाढप्याच्या तोंडी असतोच. ही कैफियत ऐकावी अवश्य, पण ती मंजूर करण्यापूर्वी पेल्याची साक्ष घ्यावी: त्या कथेतील कोणता भाग नाकास आणि जिभेस प्रत्ययास येतो? जो येतो तो बिअरचा, जो येत नाही तो जाहिरातीचा. याचे सर्वांत ठळक उदाहरण खुद्द हिंदुस्थानशी निगडित आहे. इंडिया पेल एल ही बिअर, विलायतेहून केपला वळसा घालून येणाऱ्या गलबतांत टिकावी म्हणून लंडनच्या बो येथील हॉजसन याने मुद्दाम जास्त हॉप्स घालून शोधून काढली, ही गोष्ट जगभरच्या बिअरगृहांत सांगितली जाते. इतिहास तपासणाऱ्यांना असे आढळले की हॉप्सने भरलेली फिकी बिअर इंग्लंडात त्यापूर्वीपासून होत होती, हॉजसनची भट्टी ईस्ट इंडिया कंपनीच्या गोदीपासून जवळ होती, तो गलबतांच्या कप्तानांना लांब मुदतीची उधारी देई, आणि कंपनीच्या सामान्य शिपायासाठी तर फिक्या एलपेक्षा काळी पोर्टरच मोठ्या प्रमाणावर येत असे. म्हणजे शोधाच्या कथेतून उधारीचा व्यवहार निघाला. तरीही त्या बिअरची जी गोष्ट पेल्यात सापडते, म्हणजे हॉप्सचा राळेसारखा, मोसंब्याच्या सालीसारखा वास आणि घोट गिळल्यावर घशापाशी रेंगाळणारा कडवटपणा, ती अस्सल आहे, आणि चाखणाऱ्यास तेवढीच पुरे.

आता प्रत्यक्ष चाखण्याकडे वळू. पोट अगदी रिकामे नसावे आणि तिखट जेवणाने जीभ बधिरही झालेली नसावी. सोलापुरी शेंगाचटणीची गाठ बिअरशी घालायची ती चाखण्याचे काम उरकल्यावर. तंबाखू, गुटखा, अत्तर ही तिन्ही त्या दिवशी वर्ज्य. गेल्याबरोबर मोठा पेला मागवू नये. बहुतेक ठिकाणी टॅपवर असलेल्या चार-पाच प्रकारांचे लहान लहान पेले एका फळीवर मांडून देतात, ते मागवावेत, आणि एकाहून अधिक जण असल्यास ती फळी वाटून घ्यावी. क्रम फिकीकडून गडदकडे आणि सौम्यकडून कडूकडे ठेवावा. इंडिया पेल एलने सुरुवात केली तर तिच्यानंतरची गव्हाची बिअर पाण्यासारखी लागेल आणि त्याचा दोष तुम्ही निष्कारण त्या बिचारीस द्याल. दोन प्रकारांच्या मध्ये साधे पाणी आणि कोरडा पाव किंवा भाकरीचा तुकडा घ्यावा.

पेला प्रथम पाहावा. साबणाचा वा तेलाचा अंश राहिलेल्या पेल्यात फेस टिकत नाही आणि काचेच्या आतल्या बाजूस बुडबुडे चिकटून बसतात, तेव्हा फेस लगेच विरला म्हणून बिअर वाईट असा निकाल देण्याआधी पेला बदलून मागावा. स्वच्छ पेल्यात घोट घेत जावे तसे फेसाचे जाळे काचेवर थरांनी उरत जाते. गढूळपणा हा दोष असेलच असे नाही. गव्हाच्या बिअरमध्ये प्रथिने आणि यीस्ट तरंगत असल्याने ती धूसर असणेच योग्य, परंतु लागर गढूळ दिसली तर विचारणा करावी.

मग वास. हीच पायरी लोक गाळतात, आणि चवीचा मोठा वाटा याच पायरीत आहे. पेला किंचित फिरवून नाक आत घालावे, दोन-तीन आखूड श्वास घ्यावेत, दूर करावे, पुन्हा घ्यावेत. बर्फासारख्या गार बिअरला वास नसतो. फिकी लागर ४ ते ७ अंशांस ठीक, परंतु एल ८ ते १३ अंशांपर्यंत आल्याखेरीज आपले मनोगत सांगत नाही, म्हणून पेला तळहातांत धरून दहा मिनिटे थांबण्याची तयारी ठेवावी. उन्हातून आलेल्या सोलापूरकरास हे थांबणे जड जाईल हे मी जाणतो. त्याने आधी पाणी प्यावे. जर्मन पद्धतीच्या गव्हाच्या बिअरला पिकलेल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो, आणि गंमत अशी की त्यात केळेही नसते आणि लवंगही नसते. दोन्ही वास यीस्ट आपल्या अंगाने निर्माण करते. बेल्जियन विटबिअरमध्ये मात्र धने आणि संत्र्याची साल खरोखरीच घातलेली असते. स्टाउटचा कॉफी-कोकोसारखा दर्प करपेपर्यंत भाजलेल्या जवाचा. या तीन बिअर शेजारी शेजारी ठेवून हुंगल्या तर यीस्ट, मसाला आणि धान्य या तीन निरनिराळ्या उगमांची ओळख एका बैठकीत पटते. नवशिक्यास याहून चांगला पाठ मला सुचत नाही.

घोट मध्यम घ्यावा, तो जिभेवर सर्वत्र फिरवावा, आणि गिळावा. द्राक्षाची वाइन पारखणारे ती थुंकून टाकतात; बिअरचा कडवटपणा मात्र गिळल्यानंतरच पुरता कळतो, म्हणून तिच्या बाबतीत घोट लहान ठेवणे हाच संयम. गिळल्यावर तोंड मिटून नाकाने श्वास सोडावा आणि दहा-पंधरा सेकंद काही बोलू नये. आरंभी गोडी किती, मध्ये अंगाने ती जड की पातळ, शेवटी कडू, तुरट की कोरडी, आणि ती शेवटची चव किती वेळ टिकते, एवढ्या चार गोष्टी ध्यानात आल्या तरी पुष्कळ झाले. त्या कागदावर टिपाव्यात, आणि टिपताना ‘छान’, ‘मस्त’ असले शेरे न लिहिता ओळखीच्या पदार्थांची नावे लिहावीत: भाजलेली चपाती, गूळ, आवळा, ओली माती, कच्ची कैरी. परदेशी पुस्तकांतील गूजबेरीचे नाव उसने घेण्याची काही गरज नाही. ज्याने गूजबेरी खाल्लेली नाही त्याच्या टिपणात ती लबाडी आहे.

दोषही ओळखता यावेत. उकडलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास आला तर काढा नीट उकळला गेला नाही किंवा वेळेवर निववला गेला नाही. लोण्याचा आला तर बहुधा यीस्टला आपले काम पुरे करण्यापूर्वीच पिंपातून काढले. हिरव्या सफरचंदाचा आला तर बिअर कोवळी आहे. ओल्या पुठ्ठ्याचा वास हवा लागून शिळी झाल्याचा. बाटलीला ऊन लागले की हॉप्समधील द्रव्य विघटून एक घाणेरडा वास सुटतो, आणि बाटल्या तपकिरी ठेवतात त्या एवढ्याचसाठी. शिर्क्याचा आंबटपणा अनपेक्षितपणे आढळला तर टॅपच्या नळ्या कधी धुतल्या होत्या हे सभ्यपणे विचारावे. चांगल्या ठिकाणी असा प्रश्न अपमान समजला जात नाही. परंतु प्रत्येक आंबटपणा दोष नव्हे. मुद्दाम आंबट केलेल्या गोज़ सारख्या बिअर असतात, त्यांतील आंबटपणा दह्यातल्यासारख्याच जीवाणूंचा. लातूर-सोलापुराकडे वेळ अमावास्येला शेतात बसून ज्याने ज्वारीची आंबील प्यायली आहे त्याला ही चव पुणेकरापेक्षा लवकर कळेल.

ज्वारीचा विषय निघालाच आहे तर त्यावर थोडे थांबतो, कारण ‘स्थानिक’ या शब्दाची खरी कसोटी सोलापुरापुरती येथे आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडलेला मालदांडी ३५-१ हा वाण पिढ्यान्‌पिढ्या रब्बीचा राजा म्हणून नांदतो आहे. असे धान्य दाराशी असता परदेशातून आलेल्या माल्टवर व हॉप्सवर पुण्यात केलेल्या बिअरला स्थानिक म्हणणे म्हणजे स्थानिक फक्त पाणी आणि भाडे. ज्वारीची बिअर ही काही कविकल्पना नाही. दक्षिण आफ्रिकेत उमकोंबोथी नावाची दाट, आंबूस, आंबत असतानाच प्यायची बिअर ज्वारी आणि मका यांपासून घरोघरी करतात. नायजेरियाने १९८८ पासून जवाच्या माल्टची आयात बंद केली तेव्हा तेथील मोठमोठ्या कारखान्यांना ज्वारीकडे वळावे लागले व ते वळले. अडचणी मात्र खऱ्या आहेत. ज्वारीचे पिष्ट जवाच्या मानाने अधिक तापमानास शिजते, म्हणून ते बहुधा वेगळे शिजवून घ्यावे लागते. तिच्या मोडांत पिष्टाची साखर करणारे एक महत्त्वाचे विकर कमी असते. आणि कोवळी ज्वारी खाऊन गुरे दगावतात ती ज्या द्रव्यामुळे, तेच द्रव्य मोडांत उत्पन्न होत असल्याने माल्ट नीट वाळवून त्यावरील अंकुर-मुळ्या झाडून टाकणे अगत्याचे असते. म्हणून हौसेने घरी असले प्रयोग करू नयेत. परवान्यावाचून मद्य करणे हा गुन्हा आहे हे तर वेगळेच.

एखाद्या भट्टीने ज्वारीची बिअर म्हणून काही पुढे ठेवले तर तीन प्रश्न विचारावेत: एकूण धान्यात ज्वारीचा वाटा किती, ती मोड आणलेली आहे की नुसती भरडलेली वा लाहीसारखी, आणि ती कोठून आणली. मग त्याच भट्टीची साधी गव्हाची किंवा जवाची बिअर शेजारी ठेवून दोन्ही चाखाव्यात. ज्वारीचा वाटा मोठा असेल तर अंग हलके, शेवट कोरडा, फेस अल्पायुषी आणि मागे पिठाची किंचित धूळकट चव, असा फरक जाणवला पाहिजे. तो मुळीच न जाणवल्यास ज्वारी बहुधा पिंपात कमी आणि फळ्यावर अधिक आहे. ग्लूटेन न चालणाऱ्यांनी केवळ ज्वारीच्या नावावर विसंबू नये. तीत जव मिसळलेले नाही ना, ही खात्री स्वतः करावी.

कायद्याचा तपशील थोडक्यात. महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षांची, कडक मद्यांसाठी २५ ची. पिण्यासाठीही राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो. तो एका दिवसाचा, वर्षाचा वा आजीवन मिळतो, आणि क्वचितच कोणी विचारत असले तरी जवळ असावा. आषाढी आणि कार्तिकी एकादशीस ड्राय डे असतो. तुकोबारायांची पालखी अकलूज-माळीनगरावरून पुढे सरकत असता पुण्याच्या बिअरची योजना आखणारा श्रीपूरकर मला तरी संभवत नाही, पण इतर ड्राय डेंची यादी पाहून निघावे. रक्तातील मद्यार्क १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेला की वाहन चालविणे गुन्हा ठरते; ही मर्यादा एखाद-दोन पेल्यांतही गाठली जाऊ शकते, तेव्हा एस.टी.ने जावे, किंवा रात्री पुण्यातच मुक्काम करावा. गर्भवतींनी, यकृताच्या रुग्णांनी आणि ज्यांची औषधे चालू आहेत त्यांनी वैद्याच्या सल्ल्यावाचून यात पडू नये.

राहता राहिला प्रश्न गावाकडच्या मित्रांसाठी बाटली आणण्याचा. भट्टीवरची ताजी बिअर बहुधा पाश्चरीकरण न केलेली असते. तिच्यातील यीस्ट जिवंत असते, आणि एप्रिल-मेच्या उन्हात गाडीच्या डिकीत काही तास काढले की तिच्यात चाखण्याजोगे फारसे शिल्लक राहत नाही. आणायचीच तर त्या भट्टीस बाहेर विकण्याची परवानगी आहे याची खात्री करून, मोहोरबंद बाटली घेऊन, बर्फाच्या पेटीत उभी ठेवून, थंडीच्या दिवसांत आणावी. घरी पोहोचताच शीतकपाटात उभीच ठेवावी, म्हणजे यीस्टचा साका तळाशी बसेल, आणि चार-पाच दिवसांच्या आत संपवावी. ओतताना तळाचा दोन बोटे भाग बाटलीतच राहू द्यावा. गव्हाची असेल तर मात्र तो शेवटी हलवून पेल्यात घ्यावा.